गाडीचं नाव नको, माप सांगा : बेळगावच्या जुन्या गाड्या आणि त्यांचे शाफ्ट



जुन्या गाड्यांच्या आठवणी आपल्याकडे पुष्कळ निघतात. आजोबांची शेव्हरोलेट, डॉक्टरकाकांची डुक्कर फियाट, मामाच्या लग्नात फुलांनी सजवलेली हेरल्ड. फोटोत बॉनेट दिसतं, चकचकीत बंपर दिसतो, शेजारी ऐटीत उभी राहिलेली घरची माणसं दिसतात. फोटोत कधीच न येणारा भाग म्हणजे गाडीच्या पोटाखालचा शाफ्ट. तो गेला की इंजिन ठणठणीत चालू असतं, गिअर पडतो, आणि गाडी जागची हलत नाही. आपल्या भागात कितीतरी चांगल्या गाड्या अशा एका शाफ्टापायी आधी अंगणात आणि मग भंगारात गेल्या. ज्या टिकल्या त्या का टिकल्या, हे आज लिहायचं आहे.

मी कॉमर्सचा माणूस, सगळी नोकरी बँकेत झाली. टॅक्सी, जीप, टेम्पो यांच्या कर्जांची तपासणी करायला गॅरेजांतून फार फिरावं लागायचं. गाडी बंद पडली की हप्ता बंद पडतो, त्यामुळे गाडी का बंद पडली हे समजून घेणं माझ्या कामाचाच भाग होता. पुढचं बरंचसं तिथल्या मिस्त्रींकडून शिकलेलं आहे.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीच्या गाडीत इंजिन पुढे आणि गाडी ढकलणारी चाकं मागे. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून मागच्या हाऊसिंगपर्यंत नेणारी लांब पोकळ नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. खड्ड्यातून जाताना मागची चाकं पाट्यांवर वरखाली होतात, म्हणून नळीच्या टोकांना वळणारे जोड लागतात. त्या जोडात अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा असतो, त्याला सगळे मिस्त्री 'क्रॉस' म्हणतात. क्रॉसच्या चार टोकांवर चार टोप्या, आणि टोप्यांच्या आत सुईसारखे बारीक रोलर. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ही लांब नळी नसते. गिअरबॉक्समधून डावीउजवीकडे दोन शाफ्ट निघून थेट चाकांत जातात. मारुती आल्यावर त्यांच्यासाठी 'ड्राइव्हशाफ्ट' हा शब्द आपल्याकडे रुळला.

कंपन्या गेल्या, गाड्या राहिल्या

ही अडचण आजची आहे असं कुणी समजू नये. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. फोर्डचंही काम होतं. १९५३ साली सरकारने धोरण ठरवलं की नुसते सुटे भाग आणून गाड्या जोडणाऱ्यांना इथे जागा नाही, इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम हवा. त्यानंतर या दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. देशाच्या दृष्टीने धोरण योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण शेव्हरोलेट, व्हॉक्सहॉल, फोर्ड प्रिफेक्ट घेतलेली माणसं एकदम पोरकी झाली. गाडी नवी, आणि तिचा कारखाना देशाबाहेर.

त्यात शेव्हरोलेटची एक खोड होती. १९५४ पर्यंतच्या शेव्हरोलेटमध्ये प्रोपेलर शाफ्ट उघडा नसे. तो एका जाड बाहेरच्या नळीत बंद असायचा आणि ती नळी मागच्या हाऊसिंगला पक्की जोडलेली. आतला शाफ्ट काढायचा तर अख्खं हाऊसिंग, पाटे सोडवून मागे ओढावं लागायचं. उघड्या शाफ्टाच्या गाडीत तासा-दोन तासांत होणारं काम इथे दोन दिवस खायचं. अशा शाफ्टाला घरच्या घरी दुसऱ्या गाडीचा तुकडा जोडणंही अवघड.

त्या वेळी बेळगाव मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्याला न विचारता आपण म्हैसूर राज्यात गेलो. त्याचं दुःख आपल्या घराघरात आहे, त्यावर वेगळं लिहायला नको. पण एक गोष्ट कुणी लिहीत नाही. कागदपत्रांची वाट बंगळूरकडे वळली, सुट्या भागांची वाट मात्र होती तिथेच राहिली. मुंबईचा ऑपेरा हाऊस आणि चोर बाजार, पुण्याची नाना पेठ, कोल्हापूरचं उद्यमनगर. रात्रीच्या एस. टी.ने जुना क्रॉस फडक्यात बांधून पाठवायचा आणि दोन दिवसांनी स्टँडवर जाऊन नवा सोडवून आणायचा, ही पद्धत कित्येक वर्षं चालू होती.

लेथ आपल्या गावाला नवा नव्हता

नवा भाग मिळाला नाही तर बनवायचा, हे आपल्या गावाला सुचलं याचं आश्चर्य वाटू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. लोखंडी नांगराची सुरुवातही इथलीच. पुढे जागेची अडचण झाली आणि १९१० साली ते औंध संस्थानात कुंडल रोडला गेले, तिथे किर्लोस्करवाडी झाली. कारखाना गेला, तरी लोखंड कापणं, ओतणं, घासणं याचं वेड गावात राहिलं. नंतर उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीनशॉप उभी राहिली ती सगळ्यांना माहीत आहेत.

मी ज्या टर्नर मंडळींना ओळखत होतो त्यांतले बहुतेक सातवी-आठवीच्या पुढे गेलेले नव्हते. पण व्हर्नियरवरचं माप माझ्याआधी वाचायचे. शहापुरातल्या एका वयस्कर मिस्त्रींचं एक वाक्य माझ्या कायम लक्षात आहे. गिऱ्हाईक दुकानात आलं आणि "अमुक मॉडेलचा शाफ्ट पाहिजे" म्हणालं की ते मान वर न करता म्हणायचे, "गाडीचं नाव घेऊन काय करू ओ? माप सांगा की. न्हाईतर जुना पीस आणा."

आज मागे वळून पाहिलं तर सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. गाडीच्या नावाने शाफ्ट मिळत नाही. नाव एकच आणि शाफ्ट वेगळा, नाव वेगळं आणि शाफ्ट तोच, असं सतत व्हायचं.

तीन गाड्यांची तीन गणितं

साठच्या दशकापासून आपल्याकडे मुख्यतः तीन मोटारी होत्या: अँबॅसिडर, फियाट आणि हेरल्ड.

अँबॅसिडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. हिंदुस्तान मोटर्सने ती १९५७ पासून उत्तरपाड्याला काढली आणि मे २०१४ पर्यंत काढत राहिली. शाफ्टाच्या दृष्टीने ही सर्वांत गरीब स्वभावाची गाडी. सरळ उघडा शाफ्ट, दोन टोकांना दोन क्रॉस, बोल्ट इंचाचे. पण "अँबॅसिडरचा शाफ्ट द्या" म्हणणं इथेही पुरत नाही. १९९२ मध्ये तिला इसुझूचं १८०० सीसी इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स आला. बाहेरून गाडी तीच दिसते. पण गिअरबॉक्स बदलला की त्याच्या मागून निघणाऱ्या शाफ्टाची लांबी आणि तोंड दोन्ही तपासावं लागतं. शेवटची पंचवीस वर्षं या गाडीचे भाग गावोगाव मिळाले, कारण टॅक्सीवाले आणि सरकारी खाती ती वापरत होती. आपल्या घरच्या अँबॅसिडरी टिकल्या त्या या लोकांच्या जिवावर.

फियाटची गोष्ट उलटी. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची, कारखाना कुर्ल्याला. फियाट ११०० चे एकामागून एक अवतार तिथे निघाले. १९६४ ला ११००डी आली. १९७२ ला तिचंच नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ ला प्रीमियर पद्मिनी. तीन नावं, गाडी मुळात एकच. मी स्वतः पाहिलेलं आहे, एक गृहस्थ 'प्रेसिडेंट'चा शाफ्ट शोधत दोन शहरं फिरून आले, सगळ्या दुकानदारांनी नाही म्हटलं. प्रत्येक दुकानात पद्मिनीचा टांगलेला होता. फियाटचा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग. ते रबर वाळलं की गाडीच्या मधोमध पायाखाली घरघर सुरू होते आणि नवखा माणूस गिअरबॉक्स उघडून बसतो. फियाटची मापं मिलिमीटरमध्ये, अँबॅसिडरची इंचात. दोन्ही क्रॉस शेजारी ठेवले तर डोळ्यांना भावाभावासारखे दिसतात, पण जोरात ठोकून बसवला तर योकचं भोक खराब होतं. मग क्रॉसही गेला आणि शाफ्टही.

तिसरी हेरल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून काढली. पूर्ण बॉनेट पुढच्या बाजूने उघडायचं आणि गाडी २५ फुटांत वळायची, त्यामुळे आपल्या गल्लीबोळांत डॉक्टर आणि वकील मंडळींची आवडती. तिची मागची रचना निराळी होती. बाकीच्या गाड्यांत मागचं हाऊसिंग चाकांबरोबर वरखाली होतं. हेरल्डमध्ये ते चासीला घट्ट बांधलेलं, आणि त्यातून दोन बाजूंना दोन हाफ शाफ्ट निघून चाकांना जायचे, आतल्या टोकाला एकेक क्रॉस. म्हणजे रस्त्याचा सगळा मार या दोन छोट्या क्रॉसवर. आपल्या मिस्त्रींना ही रचना पसंत नव्हती आणि मालकांनाही. कंपनीने १९७२ च्या सुमाराला गझेल काढली तेव्हा मागे सरळ साधं हाऊसिंग दिलं. झालं काय, की त्याच कंपनीच्या पुढच्या गाडीचे मागचे शाफ्ट हेरल्डला चालेनात.

आता गंमत बघा. इंग्लंडात हेरल्डच्या नात्यातली स्पिटफायर ही छोटी स्पोर्ट्स गाडी १९८० पर्यंत निघत होती, आणि तिच्या मागच्या बाजूची रचना त्याच जातीची. तिकडे हौशी लोक खूप, त्यामुळे त्या गाड्यांचे क्रॉस आणि हाफ शाफ्ट आजही नवे मिळतात. आपल्याकडच्या हेरल्डवाल्यांनी मद्रासचं पुदुपेट पालथं घातलं, आणि नंतर ज्यांची मुलंपुतणे लंडन-बर्मिंगहॅमला गेले त्यांनी क्रॉस बॅगेतून मागवले. मात्र स्पिटफायरच्या शेवटच्या गाड्यांचे हाफ शाफ्ट लांबीला जास्त होते, तेव्हा मापून घेतलं नाही तर तेही अडगळीत.

मापाइतकीच महत्त्वाची जुळणी

शाफ्ट लांबीला बरोबर आला, बोल्ट बसले, तरी काम संपत नाही. एकच क्रॉस कोनात फिरत असला की त्याच्या पुढची नळी एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे जाते आणि दोनदा किंचित मागे राहते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हाच फरक उलटा करून फेडतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर जितकं नावे पडतं तितकंच जमा होतं, आणि खातं जुळतं. पण त्यासाठी नळीच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत पाहिजेत. शाफ्ट मधून सरकणारा असतो. कुणी तो खोलून परत घालताना एखादा दाता पुढेमागे केला की जमा-नावे चुकतं आणि ठरावीक वेगाला गाडी थरथरते. चांगला मिस्त्री शाफ्ट काढण्याआधी दोन्ही भागांवर छिन्नीने खूण करतो. ज्या गॅरेजात अशी खूण न करता शाफ्ट ओढून काढला जातो, तिथे आपली गाडी देऊ नये असं माझं मत आहे.

हे सगळं कशासाठी, तर फक्त आवाजासाठी नाही. पुढचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर नळीचं टोक रस्त्यावर पडून खुपसतं. जीपची तऱ्हा तर आणखी वाईट. जुन्या विलीज आणि महिंद्र जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. गिअरच्या पेटीमागे, जिथून मागचा शाफ्ट निघतो तिथे असतो. मागचा शाफ्ट तुटला की हँडब्रेक ओढून उपयोग शून्य. पुढची चाकं जोडणारा गिअर टाकला तरच गाडी धरली जाते. आंबोली घाटात आमच्या एका कर्जदाराच्या जीपचा मागचा क्रॉस चढावर तुटला. आत सात माणसं. ड्रायव्हरने पायाचा ब्रेक दाबून धरला, क्लीनरने उडी मारून चाकामागे दगड लावला, मग ड्रायव्हरने पुढचा गिअर टाकला. कुणाला खरचटलंही नाही. नंतर कळलं की महिनाभर क्लच सोडताना 'टक' असा आवाज येत होता. तो आवाज क्रॉस सैल झाल्याचा असतो. त्या वेळी क्रॉसची किंमत एका खेपेच्या भाड्यापेक्षा कमी होती.

गोव्यातल्या गाड्या

आमच्या पिढीतल्या बेळगावकरांना गोव्याच्या गाड्यांचं भारी कौतुक. ते साहजिक होतं. पोर्तुगीज अमलात, विशेषतः पन्नाशीच्या दशकात, भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली होती, पण मुरगाव बंदर उघडं होतं. खाणींचा पैसा येत होता. आपल्याकडे फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, आणि तिकडे मर्सिडीज, ओपल, फोक्सवॅगन रस्त्यावर. मर्सिडीजची १८०डी ही डिझेल गाडी तर तिकडे टॅक्सी म्हणून धावायची. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि भारताचे आयातीचे नियम तिथे लागू झाले. आनंदाच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण त्या दिवसापासून या सगळ्या गाड्याही पोरक्या झाल्या. मुंबईत शेव्हरोलेटवाल्यांचं १९५४ ला झालं तेच.

सत्तरच्या दशकात मी काही वर्षं मडगावला होतो. तेव्हाही या मर्सिडीज टॅक्सी चालू होत्या. ड्रायव्हर-मालक मंडळी कोंकणी बोलणारी, गाडीला घरच्या माणसासारखं जपणारी. या गाडीचाही शाफ्ट दोन तुकड्यांचा आणि मधलं बेअरिंग रबरात. तिकडच्या दमट हवेत ते रबर टिकत नसे. मडगावच्या एका गॅरेजात मी खाणीतल्या जुन्या कन्व्हेयर बेल्टचं रबर गोल कापून, भोक पाडून तिथे बसवलेलं पाहिलंय. ते सहा महिने चालायचं, मग परत नवं. क्रॉसचं मात्र असं जमत नाही. तेव्हा जुना शाफ्ट लोंढ्यामार्गे रेल्वेने किंवा ओळखीच्या ट्रकवाल्याकडून बेळगावला यायचा. इथला टर्नर आधी क्रॉसच्या टोपीचा व्यास आणि टोकापासून टोकापर्यंतची लांबी घ्यायचा. देशी गाडीचा त्याच मापाचा क्रॉस सापडला तर सोनं. नाहीतर जीपच्या किंवा अँबॅसिडरच्या शाफ्टाचे योक कापून जर्मन नळीला जोडायचे, आणि दोन्ही टोकांना भोकांचं अंतर जुळवणारी फ्लँज कातून द्यायची.

अशा गाड्यांना लोक चेष्टेने खेचर म्हणत. पण त्या टॅक्सीवर घर चालत होतं, मुलांची शाळा चालत होती. कर्जाच्या फाइलीत गाडीचं नाव 'मर्सिडीज' असं भारदस्त असायचं. तिच्या पोटात महिंद्रचा क्रॉस फिरतोय हे आमच्या हेड ऑफिसला माहीत नव्हतं.

डिझेलचं वेड आणि मग मारुती

पेट्रोल महाग झालं तशी अँबॅसिडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवायची लाट आली. इंजिन बदललं की बैठक बदलते, गिअरबॉक्स पुढेमागे सरकतो, आणि शाफ्ट कापून आखूड किंवा लांब करावा लागतो. त्या काळात आपल्या टर्नर मंडळींनी अक्षरशः शेकड्याने शाफ्ट कापले. चांगला टर्नर नळी लेथवर धरून, वेल्डिंगनंतर वाकलेली नाही ना हे डायल लावून बघायचा आणि मग बॅलन्स करून घ्यायचा. वाईट टर्नर रस्त्यावर दोन दगडांवर ठेवून वेल्ड मारायचा. दोन्ही प्रकारच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर होत्या. कुठली कुठली ते बसल्यावर पाच मिनिटांत कळायचं.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातात पडली आणि हे सगळं शास्त्र एकदम जुनं झालं. पुढची चाकं ओढणारी गाडी. ज्या चाकाने ओढायचं तेच चाक वळवायचंही, म्हणजे जोड खूप मोठ्या कोनात फिरणार, आणि तरीही वेग एकसारखा पाहिजे. साधा क्रॉस तिथे चालत नाही. त्यासाठी पोलादी वाटीत खोबणी, खोबणीत गोळ्या, असा जोड लागतो. अमेरिकेत आल्फ्रेड रझेप्पा नावाच्या इंजिनिअरने तो १९२० च्या दशकात शोधला, आणि १९५९ च्या इंग्लिश मिनी गाडीने तसला जोड घराघरांत नेला. आपल्याकडे मॅटाडोरवाल्यांना पुढच्या चाकांचा शाफ्ट थोडाफार माहीत होता, बाकी बहुतेकांना पहिली ओळख मारुतीनेच झाली.

इथे पहिल्यांदा आपल्या लेथने हात टेकले. त्या वाटीतल्या खोबणी अतिशय अचूक आणि वरून कडक केलेल्या असतात. गल्लीतल्या लेथवर त्या होत नाहीत. सुरुवातीला पूर्ण शाफ्ट बदला असंच उत्तर मिळायचं आणि किमतीने माणूस गार व्हायचा. मग हळूहळू बाहेरचा जोड वेगळा मिळू लागला, देशी माल आला, आणि मिस्त्रींचं कामही बदललं. आता कौशल्य वेळीच बघण्यात होतं. जोडावर रबरी बूट असतो, आत ग्रीस. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि धूळ आत, आणि काही महिन्यांत जोड संपतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवली की 'कट कट कट' आवाज येतो तो याचाच.

नावाचा घोळ इथेही संपला नाही. मारुती ८०० आणि मारुती व्हॅन या दोघींचं इंजिन एकच, ७९६ सीसी. पण व्हॅन मागच्या चाकांनी चालते, तिला लांब प्रोपेलर शाफ्ट. ८०० ला पुढे दोन ड्राइव्हशाफ्ट. आणि जिप्सी चारही चाकांची. तेव्हा "मारुतीचा शाफ्ट" या शब्दांना दुकानात काही अर्थ नाही. खुद्द ८०० मध्येही डावा-उजवा वेगळा, आणि चार गिअर की पाच गिअर हे आधी विचारायचं.

आता काय करावं

मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये थांबली, त्याच वर्षी अँबॅसिडर. पद्मिनी त्याआधीच गेली होती. आपल्या कितीतरी घरांत आज एखादी गाडी पत्र्याखाली उभी आहे, आणि अडलंय एका शाफ्टापाशी. मुलं पुण्या-बंगळूरला, भंगारवाला दर आठवड्याला विचारतो. अशांसाठी मला माहीत असलेलं लिहितो.

प्रोपेलर शाफ्ट असेल तर गाडी चाकांवर उभी असताना दोन फ्लँजच्या तोंडांमधलं अंतर घ्या. जॅकवर उचललेल्या गाडीचं माप चुकतं. नळीचा बाहेरचा व्यास घ्या. फ्लँजला किती भोकं, समोरासमोरच्या भोकांचं अंतर किती, बोल्ट इंचाचा की मिलिमीटरचा, मध्ये उठलेली कड आहे का, हे लिहा. सरकणाऱ्या भागाचे दाते मोजा. क्रॉसच्या टोपीचा व्यास, टोकापासून टोकापर्यंतची लांबी, आणि सर्क्लिप आतून बसते की बाहेरून, हे पाहा. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचं माप वेगळं घ्या.

ड्राइव्हशाफ्ट असेल तर डावा की उजवा, चाकाकडचे दाते किती, गिअरबॉक्सकडचे किती, ऑइल सील जिथे बसतं तिथला व्यास, पूर्ण लांबी, आणि गाडीला एबीएस असेल तर जोडावर दातेरी रिंग आहे का, हे बघा. एवढं कागदावर असेल तर पुण्याच्या नाना पेठेत, कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर, बंगळूरच्या जे. सी. रोडवर किंवा दिल्लीच्या कश्मीरी गेटला फोनवरसुद्धा काम होतं. नुसतं नाव सांगितलंत तर चुकीचा माल घरी येतो आणि परत कुणी घेत नाही.

आणखी एक, ज्यांची गाडी ५० वर्षांहून जुनी आहे त्यांच्यासाठी. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली आहे. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत. डिझेल इंजिन घातलेल्या अँबॅसिडरवाल्यांनी हे आधी तपासावं.

शेवटचं सांगणं एकच. तुटलेला शाफ्ट भंगारात देऊ नका. तुटका का असेना, नवा बनवायला तोच नमुना आहे. त्याला चिठ्ठी बांधा, गाडीचं मॉडेल आणि साल लिहा, तेल लावून ठेवा.

आपल्या गावातली ती जुनी टर्नर मंडळी आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्याकडे मापांच्या वह्या असायच्या. कुठल्या गाडीला कुठला क्रॉस चालला, कितीचा तुकडा कापला, सगळं इंच, सूत आणि मिलिमीटरमध्ये पेन्सिलीने लिहिलेलं. मी पाहिलेल्या एका वहीत तीनशेहून जास्त नोंदी होत्या. ती वही मिस्त्री गेल्यानंतर दुकानाबरोबर रद्दीत गेली, आणि कोणत्याही कंपनीच्या कॅटलॉगमध्ये ती माहिती नाही. तुमच्या वडिलांचं, काकांचं गॅरेज असेल, लेथ असेल, तर घरात अशी वही शोधा. सापडली तर पानांचे फोटो काढून इथे टाका. माझ्याकडे फियाट आणि जीपच्या क्रॉसची काही मापं उतरवून घेतलेली आहेत, ती मी पुढच्या आठवड्यात टाकतो.

एक निवृत्त बँक अधिकारी, टिळकवाडी, बेळगाव